लिंडमायर सर, मी आयसेलिनला बोलले

सर, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला मी धजावते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर पहिल्याच परिच्छेदाला तुमची पेन्सिल आडवी आली असती. "हे तुला माहीत आहे, की तुला वाटतंय?" समासात एवढंच लिहायचात तुम्ही. सहा वर्षांत माझ्या कितीतरी पानांवर ते लिहिलंत.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. डिपार्टमेंटनं वेबसाइटवर तुमच्यावर एक पान केलंय. त्यात तुमची पुस्तकं आहेत, उत्खननं आहेत, जर्मनीतून इथे आल्याचं साल आहे, तुमच्या हाताखाली शिकून मोठ्या झालेल्या लोकांची नावं आहेत. फोटोत तुम्ही चक्क हसताय. सगळं खरं आहे. पण त्या पानावर जे नाही ते कालपर्यंत या देशात दोघींनाच माहीत होतं. एक तुमची मुलगी आंके, आणि दुसरी मी.

मला तुमची भीती वाटायची, हे तुम्हाला माहीत होतं. मी नागपूरहून नॉर्थ कॅरोलायनात आले त्या आठवड्यात तुमच्या खोलीबाहेर दहा मिनिटं नुसती उभी होते. दार उघडंच होतं. तुम्ही आतून म्हणालात, "ये की. मी दगडांचा माणूस आहे, मला घाई नसते." टेबलावर पाच दगड मांडले होते. यातला माणसानं घडवलेला कोणता, असं विचारलंत. मी एक उचलला. तुम्ही भुवया वर केल्यात आणि म्हणालात, "नक्की?" मी तो ठेवला आणि दुसरा उचलला. तुम्ही पहिला दगड पुन्हा माझ्यापुढे सरकवलात. मग म्हणालात, "पहिलं उत्तर बरोबर होतं. ते तू दगडाकडे बघून दिलंस. दुसरं माझ्या चेहऱ्याकडे बघून दिलंस."

इथे सगळे आपल्या गाइडला पहिल्या नावानं हाक मारतात. मला 'एकहार्ट' म्हणणं कधी जमलं नाही. तुम्हीही माझं नाव एकदा जर्मन सवयीनं 'अनुया' वाचलंत, आणि सहा वर्षं अनुजाची अनुयाच राहिले. मी दुरुस्त केलं नाही. आधी भीतीनं, मग सवयीनं, आणि शेवटी ते नाव मला आवडायला लागलं म्हणून.

आपल्या उत्खननाच्या साइटवर तुम्ही आलात तो हिवाळा आठवतो? वर्धा नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी, काठी टेकत, डोक्यावर माझ्या बाबांची टोपी घालून तुम्ही खड्ड्याच्या कडेला खुर्चीवर बसायचात. नागपूरला आमच्या घरी आईनं तुम्हाला वडाभात वाढला, तर तुम्ही हातानं जेवलात, आणि फोडणीचं तेल कशावर ओतायचं तेही विचारून घेतलंत. आई अजून सांगते, "इतका मोठा माणूस, पण पानात शीत ठेवलं नाही." साइटवर माती चाळायला शेवंता होती. तिच्या घरची माणसं दगडाचे पाटे-वरवंटे घडवत गावोगाव हिंडणारी, दोन पिढ्यांपूर्वी नाल्यापलीकडे टेकलेली. मातीतला साधा खडा आणि माणसानं फोडलेला खडा ती आमच्याआधी ओळखायची. तुम्ही म्हणायचात, "अनुया, तू दगड वाचतेस. तिच्या हाताला तो कळतो."

एक दिवस सरपंच चार माणसं घेऊन आले. पेटीतली दगडी कुऱ्हाड हातात घेऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे हे आमच्याच पूर्वजांचं ना, साहेब?" मी तुम्हाला इंग्रजीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांग, हे कुणाचंच नाही. ज्यानं केलं त्याचं. त्याची वंशावळ कुणाकडे नाही, तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही." मी सरपंचांकडे वळून म्हटलं, "हो, इथल्याच माणसांचं." गावची मोठी माणसं होती, चहा घेऊन आली होती, कशाला त्यांचं मन मोडा. त्यांचे चेहरे फुलले. तुम्ही मराठीचा एक शब्द न कळता माझ्याकडे रोखून बघितलंत. "मी 'कुणाचंच नाही' म्हणालो. मग हे हसतायत का?"

गाडीत बसल्यावर तुम्ही मला झापलंत. मी म्हटलं, "सर, एवढंसं तर बोलले."

"सगळं एवढ्याशापासूनच सुरू होतं," तुम्ही म्हणालात आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, उन्हानं थकलाय. तुम्ही त्या वेळी घाबरला होता, हे कळायला मला अडीच वर्षं लागली.

यंदाच्या संक्रांतीला न्यू जर्सीहून शिरीषकाकांचा फोन आला. त्यांची तुमची भेट कधी झाली नाही, म्हणून सांगते. आयसेलिनच्या मराठी मंडळाचे ते जुने कार्यकर्ते. मी अमेरिकेत पहिल्यांदा उतरले ती न्यू जर्सीतच, आणि विमानतळावर मला घ्यायला तेच आले होते. "अगं, तिळगूळ, हळदीकुंकू तर दरवर्षीच करतो," ते म्हणाले, "यंदा तुझं लेक्चर ठेवू. आपल्या पोरांना जरा रूट्स कळू देत." मी गेले. ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. मी स्लाइड्स दाखवल्या, त्यात तुमचाही फोटो होता, दगड हातोहात फिरवला. इतकी माणसं माझ्या दगडांकडे इतक्या आपुलकीनं कधीच बघत नाहीत, सर. मला चढली. शेवटी मागून एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे जगातली पहिली माणसं आपल्याकडचीच म्हणायची ना?" मी हसून म्हटलं, "तसं म्हणायला हरकत नाही." टाळ्या पडल्या.

तेवढेच शब्द कुणीतरी व्हिडिओतून कापून घेतले. माझ्या चेहऱ्याखाली ओळ आली, 'अमेरिकेतल्या मराठी शास्त्रज्ञ महिलेनं सिद्ध केलं'. चार दिवसांत ती क्लिप कुठून कुठे गेली ते मला आजही नीट माहीत नाही. शाळेतल्या मैत्रिणींचे मेसेज आले, अभिमान वाटतो म्हणून. मी खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी मॉरिसव्हिलमध्ये, माझ्या घराजवळ, मी बसची वाट बघत उभी होते. शेवंताचा फोन आला. ती कधी स्वतःहून फोन करत नाही.

"ताई, तुमी असं बोल्ल्या काय?"

"कसं?"

"आमी इथचे नाही म्हून."

तिच्या वस्तीसमोरच्या चौकात एक सभा झाली होती. भाषण करणाऱ्या माणसानं मोबाइल माइकला लावून माझी क्लिप ऐकवली होती. मग नाल्यापलीकडे बोट दाखवून म्हणाला होता, शास्त्रज्ञ बाईच सांगतात की ही भूमी पहिल्यापासून आपली, मग हे कोण, कुठून आले, हे उठले पाहिजेत. शेवंता रडत नव्हती. तिनं फक्त विचारलं, "आपून संगं माती चाळली ना, ताई? मंग?" मी म्हटलं, मी असं बोलले नाही. ती म्हणाली, "आवाज त तुमचाच होता." बस आली आणि निघून गेली. मी तिथेच उभी.

मी तशीच तुमच्या खोलीत आले. तुम्ही क्लिप दोनदा बघितलीत, माझ्याकडून शब्दन्‌शब्द समजून घेतलात. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडला नाहीत. फोन टेबलावर उलटा ठेवलात. हळू आवाजात म्हणालात, "त्याच हॉलमध्ये जा. त्याच भाषेत सांग की हे चूक होतं."

मी कारणं द्यायला लागले. माझा व्हिसा आहे. इथे हल्ली बाहेरची मुलं तोंड उघडताना दहा वेळा विचार करतात, विमानतळावर जायच्या आधी फोनमधलं सगळं पुसून टाकतात. आई-बाबा नागपुरात एकटे आहेत, त्यांचा पत्ता काढायला लोकांना किती वेळ लागतो? मला पुन्हा साइटवर जायचंय, परवानगी कोण देईल? मी बोलले तर लोक मलाच फाडून खातील. "मला भीती वाटते," मी म्हटलं. तुमच्यासमोर हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले.

तुम्ही उठून दार लावलंत. तुमच्या खोलीचं दार बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्यावरच्या पानावर नाही. तुम्ही चोवीस वर्षांचे होता. तुमचे गाइड तुमच्यासाठी वडिलांच्या जागी होते. तुमचे वडील युद्धातून परत आले नव्हते आणि या माणसानं तुम्हाला थर वाचायला शिकवलं, घरी बोलावून जेवू घातलं. एकदा त्यांनी तुम्हाला जर्मनीतल्या तुमच्या संस्थेच्या तळघरात जुनी काचेची स्लाइड शोधायला पाठवलं. नकाशांच्या कपाटात, खालून तिसऱ्या खणात तुम्हाला एक नकाशा सापडला. युद्धाच्या काळातला, पूर्वेकडच्या एका मुलखाचा. जिथे जिथे 'आपल्या पूर्वजांच्या' जुन्या मडक्यांचे तुकडे मिळाले तिथे ठिपके होते आणि ठिपक्यांपासून बाण काढले होते. सोबत टाइप केलेली गावांची यादी होती. प्रत्येक गावापुढच्या रकान्यात एकच शेरा, 'रिकामं करावं'. खाली तुमच्या गाइडची सही.

"मडक्यांच्या तुकड्यांवरून, अनुया," तुम्ही म्हणालात. "मला शिकवायचा तोच हात. तीच सुरेख सही माझ्या प्रबंधावर होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"खण लावला. स्लाइड घेऊन वर गेलो. त्यांनी विचारलं, सापडली का? मी म्हटलं, सापडली."

तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. प्रबंधाच्या सुरुवातीला त्यांचे आभार मानलेत. पुढे त्यांच्या पंचाहत्तरीला ग्रंथ निघाला, त्यात लेख दिलात. नोकरी मिळायची होती, शिफारस त्यांचीच लागणार होती. मग अमेरिकेत आलात, आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलंत की भांडं म्हणजे माणूस नाही आणि दगड म्हणजे सातबारा नाही. शेवटचं वाक्य माझं आहे, सर. तुम्ही जे म्हणायचात ते मराठीत असंच येतं.

"म्हणून सांगतो," तुम्ही म्हणालात, "तू उशीर करू नकोस."

आणि मी काय म्हणाले? मी घाबरलेली होते, घाबरलेलं जनावर चावतं तशी चावले. म्हटलं, "तुम्ही स्वतः साठ वर्षं गप्प बसलात. इथे सुरक्षित बसून मला शूर व्हायला सांगताय. तुम्ही कुठे बोललात?"

तुम्ही चष्मा काढलात. बराच वेळ तो पुसत राहिलात. "हा प्रश्न बरोबर आहे," म्हणालात. मी बॅग उचलून निघून आले. आपलं शेवटचं धड बोलणं ते.

त्यानंतर तीन आठवडे मी तुम्हाला टाळलं. ईमेलला उत्तर दिलं, पण खोलीवर आले नाही. लायब्ररीत तुम्ही लांबून दिसलात की दुसऱ्या जिन्यानं जायची. रोज ठरवायची, उद्या जाऊन माफी मागू. शेवंताला मी रोज मेसेज करायची, 'ठीक आहे ना?' ती अंगठा पाठवायची. एकदा तिनं लिहिलं की पोरी आता चौकातून एकेकट्या जात नाहीत. एवढं वाचूनही मी काही केलं नाही, सर. आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अनू, गप्प राहा. लोक विसरतात. आम्हा म्हाताऱ्यांना इथे राहायचंय गं." मला तेच ऐकायचं होतं.

मग एका दुपारी सेमिनार सुरू असताना ऑफिसमधल्या बाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. तुम्ही लायब्ररीच्या पायऱ्यांवर कोसळला होता.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही किती लहान दिसत होता. आंके अजून पोचायची होती, म्हणून मला आत सोडलं. तुम्ही डोळे उघडलेत, माझं मनगट धरलंत. तुमच्या पकडीत इतका जोर होता की मी दचकले. तुमचे डोळे मी विसरू शकत नाही. त्यांत मला ओळखल्याची खूण होती आणि भीती होती, उघडी, लहान मुलाची असते तशी. ज्यांना मी सहा वर्षं घाबरले ते माझा हात धरून घाबरले होते. तुम्ही एकच शब्द दोनदा बोललात. "पत्र. पत्र."

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. मला वाटलं, तुम्ही माझ्या शिफारसपत्राबद्दल बोलताय. पुढच्या वर्षीच्या फेलोशिपसाठी मी ते मागितलं होतं. तुम्ही जायला निघाला होता आणि माझ्या डोक्यात आलं, देवा, पत्र पाठवायचं राहिलं, आता माझं काय होणार, माझ्या व्हिसाचं काय होणार. मी म्हटलं, "काळजी करू नका, सर, बघू नंतर." मला 'सॉरी' म्हणायचं होतं. 'मी चुकले' म्हणायचं होतं. 'तुम्ही नसतात तर मी चेहऱ्यांकडे बघूनच उत्तरं देत राहिले असते' हे म्हणायचं होतं. तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आंकेचा फोन आला.

शोकसभेनंतर आंकेनं मला घरी बोलावलं. तुमच्या टेबलावर तीन कच्चे खर्डे होते, जर्मनमध्ये, खाडाखोडीनं भरलेले. चौथ्याची प्रत कॉम्प्युटरवर होती. तुम्ही तुमच्या जुन्या संस्थेला लिहिलं होतं. आंकेनं मला ओळीओळीनं इंग्रजी करून सांगितलं. नकाशांचं कपाट कुठे होतं, खण कितवा, यादीवर काय लिहिलं होतं, सही कुणाची. पुढे, 'मी हे पाहिलं, परत ठेवलं आणि गप्प राहिलो, कारण मला भीती वाटली. माझं नाव त्या गौरवग्रंथात आहे, ते तिथे शोभत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं की मी कुठे बोललो. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.' तारीख आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची होती.

"बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही," आंके म्हणाली. "पोस्टात टाकून आल्यावर मला फोन केला होता. म्हणाले, माझे पाय थरथरतायत, या वयात. मला वाटलं, बीपी वाढलं असेल."

मी तुमच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि रडले. मग घाबरत घाबरत विचारलं, हे मी कुठे लिहिलं तर चालेल का? आंकेनं खर्डे एकावर एक रचले. "त्यांनी पाकीट बंद करून पेटीत टाकलंय," ती म्हणाली. "लपवायचं असतं तर खर्डे फाडले असते. लिही. पण ते चांगले शिक्षक होते हेही लिही."

तुम्ही चांगले शिक्षक होता, सर. संस्थेचं उत्तर परवा आलं. ते तळघर कधीच रिकामं केलं, कागद कुठे गेले याचा शोध घेऊ, असं त्यांनी लिहिलंय. सापडेल की नाही, कोण जाणे.

मी शिरीषकाकांना फोन केला. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं हवीत, म्हटलं. कशासाठी ते ऐकून ते वैतागले. "अगं, कशाला कॉम्प्लिकेट करतेस? लोकांना आनंद झाला, बास. आणि तिकडे कोण काय करतंय त्याला तू काय करणार?" मी त्यांना शेवंताचं सांगितलं. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "पाच म्हणजे पाचच," ते म्हणाले. "तीन तासांचा कार्यक्रम आहे."

काल तो कार्यक्रम झाला. लावणी झाली, मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी पोचले. समोर तेच चेहरे, मला ओळखून हसणारे. मला पुन्हा वाटलं, काहीतरी गोड बोलून खाली उतरावं. मी कागद काढला आणि वाचला. "जानेवारीत याच जागी मी म्हणाले की जगातली पहिली माणसं आपल्याकडची, असं म्हणायला हरकत नाही. हरकत आहे. ते खरं नाही आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. टाळ्या मिळाव्यात म्हणून मी ते बोलले. ज्यांनी ती हत्यारं केली त्यांचा वारसदार आज कुणी नाही, मीही नाही. माझ्या त्या वाक्यावरून माझ्याच साइटवर काम करणाऱ्या बाईला घर सोड म्हणून सांगितलं गेलं. ती माझी चूक आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दोन कुटुंबं उठून जेवणाच्या रांगेकडे गेली. तेच मागचे गृहस्थ उभे राहिले. "हे तुमच्या त्या जर्मन प्रोफेसरनं बोलायला लावलं असेल. त्यांना आपलं मोठेपण कुठे बघवतं?"

"हो, त्यांनीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्यांच्या देशात मडक्यांच्या तुकड्यांवरून गावं उठवायच्या याद्या झाल्या. त्यातली एक त्यांनी स्वतः पाहिली होती. ते घाबरून साठ वर्षं बोलले नाहीत. अठरा दिवसांपूर्वी ते गेले. मीही घाबरलेय. आत्ता, इथे, तुमच्यासमोर." ते गृहस्थ काही बोलायला गेले आणि बसले.

पुढच्या रांगेतली कॉलेजात जाणारी एक मुलगी उठली. "सो, लास्ट टाइम यू वेअर रॉंग?"

"येस. अँड आय न्यू इट."

"ओके," ती म्हणाली. "थँक्स फॉर सेइंग इट." आणि खाली बसली. बस एवढंच. टाळ्या वगैरे नाहीत. खाली उतरताना शिरीषकाकांनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता सुनावणार. त्यांच्या हातात फोन होता. "या वेळी अथपासून इतिपर्यंत रेकॉर्ड केलंय," ते म्हणाले. "कुणी कापलं तर आख्खं आपल्याकडे आहे. आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

आज सकाळपासून फोन वाजतोय. त्यातले बरेच मेसेज मी उघडत नाही. एकात लिहिलंय, 'भारतात ये, मग बघू.' डिपार्टमेंटनं माझ्यासाठी नवा गाइड अजून ठरवलेला नाही. ठरला नाही तर इथे माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. शेवंताला मी सगळ्यांच्या आधी व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, "आयकलं, ताई. वस्तीत समद्यायले आयकवलं. तो माणूस नाही आयकणार. पन आमाले आयकाचं होतं." मी ठीक आहे असं लिहिणार होते, पण 'हे तुला माहीत आहे, की तुला वाटतंय?' असं तुम्ही विचारलं असतंत. मी ठीक नाही. दाराबाहेर पावलं वाजली की दचकते. तुम्ही पत्र टाकून घरी आलात त्या दुपारी तुम्हाला काय वाटलं असेल, ते आता थोडं कळतंय. तुमच्याशी याबद्दल बोलायला हवं होतं. दोन घाबरलेली माणसं एका खोलीत बसून नीट बोलली असती.

आत्ता, हे लिहिता लिहिता आईचा फोन आला. मी सांगायला सुरुवात केली, आई, मला माफ कर, पण मला बोलावंच लागलं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"मी बघितलं," ती म्हणाली. "आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. आधीचा व्हिडिओसुद्धा मीच टाकला होता, तुला सांगितलं नव्हतं. मग हा कुणी टाकायचा?"

"आई, तू? लोक काही बोलले तर?"

"बोलतील. बाबा दोनदा कडी बघून आलेत. माझे हात बघ कसे कापतायत, पोळी गोल होत नाहीये." तव्यावर काहीतरी चरचरलं. "थांब, ठेवू नकोस फोन. असाच चालू ठेव, मी स्वयंपाक करते."